छोट्या ट्रॅक्टरला मागे काय लावायचं? गवत कापण्याच्या यंत्रांचा दोनशे वर्षांचा हिशेब



पाऊस ओसरला की या पानावर एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "वीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर घेतलाय. काजूतलं गवत मारायला मागे काय लावू? स्लॅशर, फ्लेल मोवर, की ती कात्रीसारखी दातेरी पट्टी?" दुकानात विचारलं तर दुकानात जे उभं आहे तेच चांगलं असतं. पत्रकं वाचली तर सगळी यंत्रं सगळ्या कामांना चालतात.

यंदा मलाही हेच ठरवायचं होतं. ट्रॅक्टर आमचा तिघांचा सामायिक आहे, पैसे तीन घरांतून निघणार, त्यामुळे "मला बरं वाटलं म्हणून घेतलं" असं सांगून चालणार नव्हतं. म्हणून ही यंत्रं मुळात कुणी, कुठे, कशासाठी केली ते शोधत बसलो. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. प्रत्येक यंत्र बनवणाऱ्याच्या डोक्यात गवताविषयी वेगळा विचार होता. कुणाला गवत वैरण म्हणून हवं होतं, कुणाला हिरवळ हवी होती, कुणाला ते नुसतं डोळ्यासमोरून घालवायचं होतं. आपण यंत्र घेतो तेव्हा त्यांचा तो विचारही घरी आणतो. म्हणून आधी आपल्याला गवताचं काय करायचंय ते ठरवावं लागतं. लांबण लागेल, पण सगळं सांगतो.

गवत हे पीक होतं

आपल्या मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात जुन्या सातबाऱ्यावर 'वरकस' हा शब्द सापडतो. भातशेती खाली कुणग्यांत, आणि वर डोंगराला, सड्याला वरकस. तिथं नाचणी, वरी व्हायची, आणि जमीन पड ठेवली की गवत. ते फुकट वाढायचं, पण फुकट जात नव्हतं. बैल, म्हशी, गायी त्यावर उन्हाळा काढायच्या. घरं, मांगर आणि गोठे त्यानं शाकारले जायचे. उरलंसुरलं गवत, पातेरा आणि शेण मिळून भाजावळीला जायचं, त्याच जागेवर भाताचा तरवा उगवायचा. म्हणजे छप्पर, दूध, नांगर आणि भात, चारही गोष्टी एका गवताला बांधलेल्या होत्या.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. मुंबईत शिवडीच्या बाजूला 'हे बंदर' नावाची जागा आहे. या 'हे'चा अर्थ वाळलेलं गवत. शहराच्या घोड्यांना आणि तबेल्यांना लागणाऱ्या गवताचा व्यापार एवढा मोठा होता की त्याचं नाव धक्क्याला राहिलं. पालघर, वाडा भागातून आजही वाळलेलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जातं. तिथल्या शेतकऱ्याला विचारा, तो गवताला कचरा म्हणणार नाही.

कापणीची रीतही त्या उपयोगाला धरून होती. पाऊस थांबला, गवत पिवळं पडायला लागलं की आश्विन-कार्तिकात कापणी. बसून किंवा वाकून डाव्या हातात मूठभर गवत धरायचं, उजव्या हातानं विळा बुडाशी घालून ओढायचा. मूठ बाजूला ठेवायची, पुढची मूठ तिच्यावर. सगळ्या काड्या एका दिशेला, बुडखे एका बाजूला. मग पेंढी, पेंढ्यांचा भारा, आणि भाऱ्यांची उडवी. हे काम सावकाश होतं, पण काडी तुटत नव्हती. छप्पर शाकारायला लांब काडी लागते आणि उडवीत पाणी शिरू नये म्हणूनही काडी सरळ लागते. विळ्याचा हा गुण लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१८३० : एकाच दशकात दोन वेगळी यंत्रं

युरोपात लांब दांड्याचं वाकडं पातं उभ्यानं, दोन हातांनी झुलवून गवत कापायची पद्धत शतकानुशतकं चालत आली होती. सपाट, बिनदगडी कुरणावर ते पातं सरसर चालतं. आपल्याकडं ते रुजलं नाही, आणि जांभ्याच्या सड्यावर एकदा पाय ठेवला तर का रुजलं नाही ते वेगळं सांगावं लागत नाही.

मग १८३० साली इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरच्या एडविन बडिंग नावाच्या कारागिरानं एका यंत्राचं पेटंट घेतलं. हा भाग लोकरी कापडाच्या गिरण्यांचा. विणलेल्या कापडावरचे उभे राहिलेले धागे साफ कातरायला तिथं फिरत्या पात्यांचा रूळ असायचा. बडिंगला वाटलं, कापडावरचे धागे कातरता येतात तर जमिनीवरचं गवत का नाही? रुळावर वळसे घेतलेली पाती, खाली एक स्थिर पातं, आणि दोघांच्या फटीत गवत सापडून कातरलं जातं. हे पहिलं लॉनमोवर. बंगल्यांची हिरवळ, बागा, खेळाची मैदानं यांच्यासाठी केलेलं. क्रिकेटच्या मैदानावर आजही त्याच जातीचं यंत्र फिरतं. पण गवत गुडघाभर झालं की ते चालत नाही. त्याचा जन्मच आखूड गवत आणखी आखूड ठेवण्यासाठी झाला आहे.

त्याच दशकात अमेरिकेत दुसरी गोष्ट घडत होती. तिथं जमीन अफाट आणि कापायला माणसं कमी. सायरस मॅकॉर्मिकनं १८३१ साली व्हर्जिनियात धान्यकापणीचं यंत्र चालवून दाखवलं आणि १८३४ साली पेटंट घेतलं. त्याच्या काही महिने आधी, १८३३ च्या डिसेंबरात, ओबेद हसी यानं आपल्या यंत्राचं पेटंट मिळवलं होतं. दोघांचं भांडण बरीच वर्षं चाललं. आपल्या कामाचा आहे तो हसी. त्याच्या यंत्रात लोखंडी बोटांची एक पट्टी होती आणि त्या बोटांच्या खाचांतून त्रिकोणी पात्यांची सुरी डावी-उजवीकडे धावायची. बोट गवत धरून ठेवतं, सुरी कापते. अगदी विळ्यासारखंच. डावा हात म्हणजे बोट, उजवा हात म्हणजे सुरी. १८४७ साली विल्यम केचम यानं खास गवतासाठी असं यंत्र पेटंट केलं आणि पुढं घोड्यामागं जोडायची गवतकापणी यंत्रं तिकडं सर्रास झाली.

आज छोट्या ट्रॅक्टरला बाजूला जोडायची जी दातेरी पट्टी मिळते, किंवा भातकापणीच्या रीपरला पुढं जी पट्टी असते, ती सगळी या हसीच्या पट्टीची नातवंडं. ही यंत्रं केली त्या माणसांना गवत हवं होतं. ते सुकवून, साठवून, बर्फाच्या दिवसांत जनावरांना घालायचं होतं. म्हणून काडी एकदाच आणि बुडाशी कापली जाते, आणि लांबच्या लांब आडवी पडते.

ही यंत्रं आपल्याकडं तेव्हा का आली नाहीत, याचं उत्तर मला जमिनीत आणि बैलात दिसतं. या यंत्रांना सुरी हलवायची ताकद जमिनीवर फिरणाऱ्या चाकातूनच मिळायची. चाक जेवढं जोरात फिरेल तेवढी सुरी जोरात. घोडा ज्या चालीनं चालतो ती बैलाची चाल नाही. त्यात आपले कुणगे हातभर, मध्ये मेरा, कडेला गडगे, वर उतार आणि कातळ. यंत्र वळवायलाच जागा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सुरुवात केली तेव्हा शेतकऱ्यासाठी बनवलं ते कडबा तोडायचं यंत्र आणि लोखंडी नांगर. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली ती या दोन वस्तूंच्या जोरावर. कापून आणलेल्या वैरणीचे तुकडे करायला यंत्र हवं होतं, कारण काडी वाया जाऊ द्यायची नव्हती. उभं गवत कापायला मात्र माणसं होती आणि विळे होते.

इंजिन आलं आणि कापायची रीत बदलली

विसाव्या शतकात दोन शोध लागले. त्यांच्याशिवाय आपला आजचा प्रश्नच निर्माण झाला नसता.

पहिला म्हणजे पीटीओ. ट्रॅक्टरच्या मागून फिरता दांडा बाहेर काढायचा आणि त्यावर यंत्र चालवायचं. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस विक्रीच्या ट्रॅक्टरला हा दांडा दिला. यंत्राची ताकद आता चाकावर अवलंबून राहिली नाही. ट्रॅक्टर सावकाश चालला तरी पातं जोरात फिरू शकतं. पुढं कुठलंही यंत्र कुठल्याही ट्रॅक्टरला बसावं म्हणून वेग ठरवले गेले. आपल्या ट्रॅक्टरवर जो '५४०' आकडा लिहिलेला असतो तो तिथून आलेला आहे. दांड्याचे मिनिटाला ५४० फेरे.

दुसरा शोध म्हणजे आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनची तीन बिंदूंची जोडणी. मागचे दोन खालचे हात, एक वरचा, आणि हायड्रॉलिकनं उचल. १९३९ साली फोर्डबरोबर त्यानं जो ९एन ट्रॅक्टर बाजारात आणला त्याची ताकद साधारण २३ अश्वशक्ती होती. म्हणजे आपण ज्याला आज 'मिनी' म्हणतो, तेवढ्याच ताकदीच्या ट्रॅक्टरवर तिकडं एका पिढीनं अख्खी शेती केली. छोटा ट्रॅक्टर म्हणजे खेळणं, असं म्हणणाऱ्यांना हे सांगत जा.

हाताशी एवढी ताकद आल्यावर गवत धरून कातरायची गरजच उरली नाही. पातं इतक्या जोरात फिरवायचं की गवताला मागं झुकायलाही वेळ मिळू नये. १९५१ साली अमेरिकेत अलाबामातल्या सेल्मा गावी 'बुश हॉग' नावाचं यंत्र निघालं. जाड पत्र्याच्या डब्याखाली आडवं फिरणारं जडशीळ पातं, वर गिअरबॉक्स. झुडपं खाणारा डुक्कर, असं त्याचं नावच सांगतं. आपला स्लॅशर तो हाच. साधा हिशेब करून बघा. चार फुटी स्लॅशरमध्ये गिअरबॉक्समुळं पात्याचे फेरे मिनिटाला हजाराच्या आसपास गेले, तर पात्याचं टोक तासाला सव्वादोनशे किलोमीटरच्या वेगानं जातं. त्याला धार कमी असली तरी चालते. तो कापत नाही, तोडतो.

फ्लेल मोवर त्याच काळातला. त्यात आडवा रूळ असतो आणि त्यावर बिजागरीसारखी लोंबणारी पुष्कळ छोटी पाती. फ्लेल म्हणजे युरोपातलं धान्य झोडपायचं जोडकाठीचं साधन. रूळ फिरला की पाती ताठ होतात आणि गवत झोडपून काढतात. दगड लागला तर पातं मागं दुमडतं. गवत आत फिरत राहतं म्हणून त्याचे बारीक तुकडे होतात आणि सारखे पसरतात.

आणि आपला पाठीवरचा ग्रासकटर? त्यात जी नायलॉनची दोरी वापरतात तिची कल्पना १९७१ साली टेक्सासातल्या ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस याला गाड्या धुणाऱ्या यंत्राचे फिरते ब्रश बघून सुचली. घरी जाऊन त्यानं एका डब्याला मासेमारीची नायलॉन दोरी बांधली आणि डबा फिरवला. आपण ज्याला तंगूस म्हणतो ती! मालवणच्या किनाऱ्यावर तंगूस घरोघरी होती, पण तिनं गवत मारता येईल हे कुणाच्या मनात आलं नाही, कारण आपल्याला गवत मारायचंच नव्हतं. आपल्याला ते कापून घरी न्यायचं होतं.

गवताचं पीकपण कसं गेलं

आधी गेलं छप्पर. मंगळूरला बासेल मिशननं १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि ती कौलं गलबतांतून किनाऱ्यानं वर येत गेली. नळे, कौलं, मग पत्रे आणि स्लॅब. शाकारणीचं गवत हळूहळू मांगरापुरतं उरलं, मग तेही संपलं.

मग गेली गुरं. पॉवर टिलर आला, बैल विकले गेले. मुलं मुंबईला, घरात म्हातारी दोन माणसं, दूध पिशवीतलं. ज्या घरात दहा गोरवां होती तिथं आज रिकामा गोठा आहे आणि त्यात मोटारसायकल उभी असते. आमच्या वाडीतली एक आजी म्हणते, "गोरवां नाय, तर गवात कित्याक?" तिच्या या प्रश्नाला माझ्याकडं अजून पूर्ण उत्तर नाही.

आणि तिसरं, वरकसाची बाग झाली. १९९० साली राज्य सरकारनं रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेला काजू आपल्याकडं होताच, पण बांधाला, रानात, आपसूक वाढलेला. योजनेनंतर वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या कलमांची ओळीनं लागवड झाली. वेंगुर्ला चार, वेंगुर्ला सात ही नावं घरोघरी झाली. देवगडात, मालवणात सड्यावर सुरुंग लावून, खड्ड्यात माती भरून हापूस लावला गेला. बरं झालं. आपल्या हातात पैसा आला तो यातूनच.

पण गवत तिथंच होतं. तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथं ते उगवणारच. पूर्वी ते कापायला येणारा माणूस गवत घेऊन जायचा. काही वेळा गवताचेच पैसे द्यायचा. आता गवत कापायला आपण पैसे देतो. एका पिढीत वस्तूची बाजू बदलली, जमेतली खर्चात गेली.

आणि न कापलेलं गवत नुसतं अडचणीचं राहिलं नाही. जानेवारीपासून ते वाळून कोळ झालेलं असतं. रस्त्यावरून टाकलेली एक विडी, विजेच्या तारांची एक ठिणगी, आणि वणवा. दरवर्षी आपल्या जिल्ह्यात काजू-आंब्याच्या बागा जळाल्याच्या बातम्या येतात त्या जानेवारी ते एप्रिलमधल्याच. दहा-बारा वर्षं वाढवलेलं झाड एका दुपारी जातं. शिवाय काजूची बी खाली पडते ती गवतात दिसत नाही. निम्मा माल साळिंदराला आणि निम्मा वाळवीला. म्हणजे गवत कापणं ही टापटीप नाही, तो बागेचा विमा आहे.

आता निवड

इतिहास सांगून झाला, आता त्याचा उपयोग. तिन्ही यंत्रांना एकच प्रश्न विचारायचा, कापून झाल्यावर गवताचं काय होतं?

दातेरी पट्टी. गवत अखंड, लांब, एका बाजूला पडतं. गुरं असतील, वैरण विकायची असेल, तर हीच. ताकद फार कमी लागते, छोट्यात छोटा ट्रॅक्टरही चालवतो. पण बोटात दगड, खुंट, तार अडकली की काम थांबतं. पाती रिव्हेट केलेली असतात, ती बदलावी लागतात. जांभ्याच्या दगडगोट्यांत हिचा निभाव लागत नाही. मळ्यात, सपाट पडीवर उत्तम.

स्लॅशर. बांधणी साधी, किंमत कमी, दोन पाती आणि एक गिअरबॉक्स. धार लावायला कुडाळ-कणकवलीचं कुठलंही वर्कशॉप चालतं. रानमोडी, घाणेरी, अंगठ्याएवढं करवंद, सगळं खातो. दहा वर्षं पडलेली जमीन पहिल्यांदा साफ करायची असेल तर याला पर्याय नाही. दोष दोन. एक, गवताचे तुकडे मोठे राहतात आणि पट्ट्यानं साचतात. श्रावणात कापलंत तर कुजून जातं, पण नोव्हेंबरात कापलंत तर त्या साचलेल्या पट्ट्याचं वाळण होतं, म्हणजे वणव्याला सरपण आपणच रचून ठेवतो. दुसरा दोष, दगड फेकतो. वर वेग सांगितला, त्यावरून काय ते समजा. मागं साखळ्यांचा पडदा नसेल तर घेऊच नका, आणि चालू असताना पन्नास पावलांत माणूस, गुरू कुणी नको.

फ्लेल मोवर. बारीक तुकडे, सारखे पसरलेले. काजूच्या बुडाला आच्छादन होतं, ओल धरतं, लवकर कुजतं आणि वणव्याला सलग इंधन मिळत नाही. दगड फारसा उडत नाही. पण तेवढ्याच रुंदीला स्लॅशरपेक्षा वजन आणि ताकद दोन्ही जास्त. पाती पुष्कळ, आणि एक तुटलं तर समोरासमोरची जोडीनं बदलायची, नाहीतर रूळ थरथरतो आणि बेअरिंग जातं. भर पावसात चिंब गवतात गच्च होतो. जून झुडपांना हात लावू नये.

आता मापं. ट्रॅक्टरवर लिहिलेली ताकद इंजिनची असते, पीटीओवर त्याहून कमी मिळते, ती विचारून घ्या. ढोबळ हिशेब असा की स्लॅशरला फुटामागं चार-पाच अश्वशक्ती हाताशी हवी. म्हणजे वीसच्या ट्रॅक्टरला चार फुटांच्या पुढं जाऊ नये. यंत्राची रुंदी निदान चाकांच्या बाहेरच्या कडांएवढी असावी, नाहीतर चाकाखाली आडवं झालेलं गवत तसंच राहतं. पीटीओला दोन वेग असतील तर यंत्र कुठल्या वेगाचं आहे ते बघूनच लिव्हर टाका. वजन हायड्रॉलिकला उचललं म्हणजे झालं असं नाही. चढावर पुढची चाकं हलकी होतात, पुढं वजनं लावावी लागतात.

आपल्या बागांचं अंतरही मोजा. काजू सात बाय सात मीटरवर असेल तर पाच-सहा वर्षांनी फांद्या जवळ येतात आणि ट्रॅक्टरला मध्ये जेमतेम गल्ली उरते. म्हणून बाजूला सरकवता येणारं यंत्र मिळालं तर बघा. ट्रॅक्टर गल्लीत, यंत्र फांदीखाली. हापूस दहा मीटरवर असेल तर ही अडचण उशिरा येते. उतारावर आडवं चालवू नका, अरुंद ट्रॅक्टर कलंडतो. जिथं सरळ चढता-उतरता येत नाही तिथं ग्रासकटरच. कापणी जमिनीपासून तीन-चार इंच वर ठेवा. कलमाच्या आळ्यातलं गवत मात्र विळ्यानंच काढा, खोडाची साल एकदा गेली की पुढची पाच वर्षं रडत बसावं लागतं.

काम किती होतं? चार फुटी यंत्र, तासाला तीन किलोमीटर चाल, कागदावर तासाला पाऊण-एक एकर येतं. वळणं, झाडं, दगड धरून अर्धा एकर मिळाला तरी समाधान माना. आमच्या जमिनीवर ग्रासकटरवाला दिवसभरात अर्धा-पाऊण एकर करतो. फरक आहे तो एवढा.

अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करणार असाल तर यंत्राचा चाचणी अहवाल आहे का ते विक्रेत्याला आधी विचारा. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची अशी चाचणी संस्था १९५५ पासून आहे. अहवालात पात्याचा वेग, लागलेली ताकद, वजन सगळं मोजून दिलेलं असतं. पत्रकापेक्षा तो वाचावा. आणि शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण काढून टाकायची आपल्याकडं सवय आहे, ती सोडा. लुंगी, पंचा, टॉवेलचं टोक, त्या दांड्याला काहीही चालतं.

आमचं काय ठरलं

तिघांच्या मिळून नऊ एकर बागेत झुडपी रान आता उरलेलं नाही, दरवर्षीचं गवत आहे. दोन कापण्या लागतात. एक ऑगस्टच्या उघडिपीत, एक दिवाळीच्या आगेमागे. दुसरी कापणी वणव्यासाठी महत्त्वाची, म्हणून आम्ही फ्लेल घ्यायचं ठरवलं, साडेतीन फुटी. स्लॅशर भाड्यानं मिळतो, पड साफ करायची असेल तेव्हा आणू.

ठरता ठरता एक प्रश्न अडला. वर ज्या आजीचं सांगितलं, तिच्या घरी अजून दोन गायी आहेत. वाडीतल्या शेवटच्या. आमच्या बागेतलं गवत दरवर्षी तीच कापून नेते. फ्लेल फिरला की तिच्यासाठी काडी उरणार नाही, नुसता भुगा. आमच्यातला एकजण म्हणाला, "दोन गायींसाठी यंत्र थांबवायचं काय?" त्याचंही बरोबर आहे, कर्जाचा हप्ता त्यालाही भरायचाय. पण त्या गायींचं शेण आमच्याच आळ्यांत येतं, ते विसरून चालणार नाही. शेवटी असं ठरलं की खालच्या अंगाचा एक एकर, जिथं कातळ कमी आणि गवत उंच, तिथं यंत्र घालायचं नाही. कार्तिकात ती आणि तिची सून विळ्यानं कापतील, भारे नेतील. भोवती दहा फुटांची जाळरेषा आम्ही फ्लेलनं मारून देऊ. तिनं गवत वेळेत नेलं तर त्या एकराला आमचा डिझेलचा खर्चही नाही.

हा एकर किती वर्षं टिकेल सांगता येत नाही. गायी आहेत तोवर टिकेल. पण तुम्ही यंत्र घ्यायला निघाल तेव्हा आपल्या वाडीत गवत न्यायला येणारं कुणी उरलंय का, एवढं आधी बघा. असेल तर तो हिशेबही यंत्राच्या किमतीत धरा.

तुमच्याकडं कुठलं यंत्र आहे, किती एचपीवर चालतं, पाती किती दिवस टिकतात, ते जरूर लिहा. विशेषतः कातळाच्या सड्यावर फ्लेल वापरणारे कुणी असतील तर त्यांचा अनुभव आम्हाला यंत्र आणायच्या आधी हवाय.